दिंडोरीच्या रस्त्याला टिकणारी गाडी

दिंडोरी तालुक्यातल्या बागायतदाराच्या घरी कार आली की तिच्या वाट्याला सगळ्या तऱ्हेचे रस्ते येतात. वस्तीवरून डांबरी सडकेपर्यंतचा मुरमाचा शिवाररस्ता. मग गावातल्या गावात खेपा: कृषी सेवा केंद्र, बँक, शाळा, पुन्हा मळा. दवाखान्याचं किंवा कोर्टकचेरीचं काम निघालं तर २५ किलोमीटरवरचं नाशिक. घरच्या कुळाचाराला सप्तशृंग गडाचा घाट आणि लग्नसराईत समृद्धी महामार्ग. पावसाळ्यात ननाशीच्या बाजूला गेलात तर रस्ता आणि ओढा वेगळे ओळखू येत नाहीत. एवढं सगळं एका गाडीने करायचं असतं. शोरूममध्ये मात्र पहिला प्रश्न ठरलेला असतो: “भाऊ, ॲव्हरेज किती देती?” प्रश्न रास्त आहे, पण त्याच्या आधी विचारायला हवेत असे चार-पाच प्रश्न आहेत.

सध्या बहुतेकांची नजर कॉम्पॅक्ट एसयूव्हीवर असते आणि आपल्या रस्त्यांना ती शोभतेही. हा प्रकार जेवढा गरजेतून आला तेवढाच करातूनही आला. २००६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ४ मीटरपेक्षा कमी लांबीच्या, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत आणि डिझेल इंजिन १५०० सीसीपर्यंत असलेल्या गाड्यांचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणलं गेलं. तेव्हापासून कंपन्या ४ मीटरच्या आत गाडी कशी बसवता येईल याच्या मागे लागल्या. या मापातली पहिली एसयूव्ही आपल्याच राज्यात बनली: चिंचवडच्या प्रीमियर कंपनीची ‘रिओ’, २००९ साली. ती फार चालली नाही. २०१३ मध्ये फोर्डची इकोस्पोर्ट आली आणि लाट सुरू झाली. २०१६ मध्ये मारुतीची ब्रेझा, २०१७ मध्ये टाटाची नेक्सॉन, २०१९ मध्ये ह्युंदाईची व्हेन्यू आणि महिंद्राची एक्सयूव्ही ३००, २०२० मध्ये कियाची सोनेट. यातली नेक्सॉन रांजणगावला तयार होते, स्कोडाची नवी कायलाक चाकणला आणि एक्सयूव्ही ३००ची पुढची आवृत्ती असलेली ३एक्सओ नाशिकच्या महिंद्रा कारखान्यात.

कराचं माप आजही तेच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून या मापात बसणाऱ्या गाडीला १८ टक्के जीएसटी लागतो, न बसणाऱ्या गाडीला ४० टक्के. ब्रेझा लांबीने ४ मीटरच्या आत आहे, पण तिचं पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं असल्याने ती ४० टक्क्यांत जाते. याचा दुसरा परिणाम बॉनेटखाली दिसतो. १२०० सीसीच्या मर्यादेत एसयूव्हीला पुरेल इतकी ताकद हवी, म्हणून बऱ्याच कंपन्यांनी तीन सिलिंडरचं छोटं इंजिन घेऊन त्याला टर्बो जोडला. टर्बोची पाती मिनिटाला लाखावर फेरे घेतात आणि त्यांच्या बेअरिंगला आधार असतो फक्त इंजिन ऑइलच्या पातळ थराचा. ऑइल जुनं झालं, चुकीच्या ग्रेडचं पडलं किंवा पातळी खाली गेली, की पहिला फटका तिथे बसतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: ज्या घरात सर्व्हिसिंगची तारीख हमखास पुढे ढकलली जाते, त्या घराने टर्बोच्या वाटेला न जाता साधं, बिनटर्बोचं पेट्रोल इंजिन घ्यावं. चढाला ते थोडं कण्हतं, पण हयगय जास्त सोसतं.

डिझेलचा प्रश्न आपल्याकडे जास्त नाजूक आहे, कारण ट्रॅक्टरमुळे डिझेल घरातलंच वाटतं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि डिझेल कारच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारी जाळी बसली. तिला डीपीएफ म्हणतात. ही जाळी भरत आली की गाडी स्वतःच एक्झॉस्टचं तापमान सुमारे ६०० अंशांवर नेऊन काजळी जाळून टाकते. पण त्यासाठी गाडी सलग १५-२० मिनिटं बऱ्या वेगाने पळायला हवी. मळा ते गाव अशा ३-४ किलोमीटरच्या खेपांत इंजिन धड तापतच नाही. जाळण्याचं काम सुरू होतं, अर्ध्यात गाडी बंद होते, पुन्हा सुरू होतं, पुन्हा तुटतं. या प्रयत्नात सिलिंडरमध्ये जादा सोडलेल्या डिझेलपैकी थोडं खाली झिरपून इंजिन ऑइलमध्ये मिसळतं. ऑइलची कांडी काढून पाहिल्यावर पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका. ते ऑइल पातळ झालंय, ते बदला. अशा इंजिनाला ऑइलही कमी राख सोडणारं, कंपनीने सांगितलेल्या प्रतीचंच लागतं. ट्रॅक्टरसाठी आणलेल्या कॅनमधलं त्यात ओतू नये.

ड्रमाबद्दल तर आवर्जून सांगायला हवं. ट्रॅक्टरसाठी डिझेलचा ड्रम बऱ्याच मळ्यांवर असतो. रात्री हवा गार झाली की ड्रमाच्या आत दव धरतं आणि तळाशी पाणी साचतं. आजच्या डिझेल कारमध्ये इंधन सुमारे १६०० ते २००० बार दाबाने, केसाच्या जाडीच्या छिद्रांतून फवारलं जातं. अशी नोझल नाशिकच्या बॉश कारखान्यातच बनतात, मायको सर्कलचं नाव त्याच कंपनीच्या जुन्या नावावरून पडलं. मोजमाप इतकं बारीक असल्याने पाण्याचा थेंबही तिथे गंज आणतो आणि चार इंजेक्टर बदलायचे झाले तर बिल ऐकवत नाही. ड्रमातलं डिझेल कारमध्ये ओतू नका, अडल्यावेळीही नाही.

मग डिझेल कोणी घ्यावं? आठवड्यातून एकदा तरी वाशीला, पुण्याला किंवा गुजरातकडे लांबची धाव असेल, वर्षाला २० हजार किलोमीटरच्या पुढे गाडी पळत असेल, त्याने. बाकीच्यांना पेट्रोल पुरे. सीएनजी परवडतो, पण डिकीचा हिशोब करावा लागतो आणि टाकीची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करावीच लागते. विजेची गाडी घरी रात्री चार्ज होण्यासारखी असेल तर गाव ते नाशिक वापराला उत्तम आहे. तिथे वस्तीवरच्या विजेचं वेळापत्रक आणि व्होल्टेज आधी तपासा.

विश्वासार्ह गाडी म्हणजे फक्त न बिघडणारी गाडी नव्हे. बिघडली तर ज्या दिवशी मेकॅनिककडे गेली त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी परत येते का, हाही विश्वासाचाच भाग आहे. शेव्हरोलेने २०१७ अखेर भारतातली विक्री थांबवली, फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं. इकोस्पोर्ट चालवायला चांगली गाडी होती, आजही आहे. पण कंपनी गेली की मालकाची पार्टसाठी वाट पाहणं वाढतं आणि विकताना भाव पडतो. म्हणून मॉडेल पक्कं करण्याआधी दिंडोरी, वणी, पिंपळगाव अशा आपल्या टप्प्यातल्या दोन-तीन गॅरेजमध्ये जाऊन विचारा: या गाडीची कोणती कामं येतात, क्लचप्लेट किती दिवसांत मिळते, पुढचा बंपर नाशिकला असतो की बाहेरून मागवावा लागतो. रोज हात काळे करणारा माणूस जे सांगेल ते कुठल्याही जाहिरातीत नसतं. नवं मॉडेल बाजारात आल्यावर पहिलं वर्ष थांबणं हेही शहाणपणाचं, कारण सुरुवातीच्या तुकड्यांतले दोष या काळात उघडे पडतात. १ एप्रिल २०२१ पासून दोषपूर्ण गाड्या परत बोलावण्याचे नियम लागू झाले आहेत. जुनी गाडी घेणाऱ्याने तर चासी नंबरवरून असं परत बोलावण्याचं काम बाकी आहे का, हे शोरूममध्ये विचारूनच पैसे मोजावेत.

सुरक्षिततेचे स्टार बघायला लोक आता शिकलेत, ही आनंदाची गोष्ट आहे. डिसेंबर २०१८ मध्ये नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत पाच स्टार मिळाले. असे स्टार मिळवणारी ती पहिली भारतीय गाडी. २०२० मध्ये नाशिकच्या एक्सयूव्ही ३००लाही ते मिळाले. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची भारत एनकॅप चाचणी सुरू झाली. ३एक्सओ आणि कायलाक यांना तिथे पाच स्टार आहेत. पण मागच्या सीटवर तीन माणसं आणि मांडीवर पोर घेऊन, पट्टा न लावता बसलं तर त्या स्टारांचा उपयोग निम्माही उरत नाही. मागचे पट्टे सीटखाली दडपून वर कव्हर घालण्याची रीत बंद झाली पाहिजे.

जमिनीपासूनची उंची या वर्गातल्या बहुतेक गाड्यांत १९० ते २०८ मिलिमीटरच्या आसपास आहे. आपल्या शिवाररस्त्यांना ती पुरते. ट्रायल घेताना शोरूमचा माणूस गुळगुळीत रस्त्यावरून नेतो. त्याला गाडी तुमच्या वस्तीवर आणायला सांगा, घरची सगळी माणसं बसवा आणि मग पोट कुठे घासतंय का ते बघा.

आता देखभाल. गाडीसोबत मिळणारं पुस्तक बहुतेक घरांत प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरच येत नाही. त्यात सर्व्हिसिंगचे बहुधा दोन तक्ते असतात. एक साध्या वापराचा: १० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. दुसरा कठीण वापराचा. धुळीचे रस्ते, वारंवार छोट्या खेपा, डोंगराळ भाग, भर उन्हात तासन्‌तास चालणं, हे त्यातले निकष. दिंडोरीतली मळ्यावरची कार यातल्या जवळजवळ प्रत्येक निकषात बसते. तरी आपण ऑइल मात्र पहिल्या तक्त्याप्रमाणे बदलतो. पुस्तकातला दुसरा तक्ता आपला आहे, हे एकदा मनात पक्कं झालं की निम्मी कामं सुरळीत होतात. एअर फिल्टर लवकर बघायचा. मुरमाच्या धुळीने तो सर्व्हिसिंगच्या आधीच चोंदतो. गंधकाची धुरळणी सुरू असलेल्या प्लॉटच्या बांधाला गाडी उभी असेल तर एसीचा फिल्टरही. काचेवर फवाऱ्याचे डाग बसले असतील तर कोरडं फडकं मारू नका, आधी भरपूर पाणी ओता, नाहीतर काचेवर कायमचे चरे पडतात.

द्राक्षबागायतदाराला आणखी एक गोष्ट कोणी शिकवायला नको: बोर्डो मिश्रण लोखंडी भांड्यात करत नाहीत. मोरचूद लोखंड खातं. मग तीच मोरचुदाची फाटकी पिशवी कारच्या डिकीत टाकताना हे ज्ञान कुठे जातं? सांडलेली निळी पूड मॅटखाली जाते, पावसाळ्यात ओल धरते आणि स्टेपनीच्या खोबणीत गंज सुरू होतो. रंगाखालून पत्रा पोखरला गेल्यावर तो वरून दिसतो. पोटॅश, युरिया यांचंही तेच. खत न्यायचंच असेल तर डिकीत काठ असलेला प्लास्टिकचा ट्रे ठेवा आणि महिन्यातून एकदा मॅट उचलून हात फिरवून बघा.

उंदरांचा उपद्रव मक्याचं कणीस शेडमध्ये आलं की वाढतो. गाडी त्या शेडमध्ये लावू नये. आठवड्यातून एकदा बॉनेट उघडलं तरी उंदराचं बस्तान बसत नाही. वायरिंग कुरतडलेलं दिसलं तर चिकटपट्टी गुंडाळून वेळ मारून नेऊ नका. इंजिनाचं सगळं गणित त्या बारीक तारांवर चालतं.

घाटातल्या ब्रेकबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण तिथे चूक झाली तर दुरुस्तीला वेळ मिळत नाही. नांदुरीहून गडावर जाणारा घाट सुमारे १० किलोमीटरचा. यात्रेत खासगी गाड्या खाली थांबवून भाविकांना एसटीने वर नेतात, पण एरवी सगळे आपापल्या गाडीने जातात. उतरताना बरेच जण दोन गोष्टी करतात: पाय सतत ब्रेकवर ठेवतात किंवा इंधन वाचावं म्हणून गाडी न्यूट्रल करून सोडतात.

दुसरी सवय तर तोट्याचीच आहे. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असताना आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काढलेला असताना संगणक इंधन पूर्ण तोडतो. चाकंच इंजिनाला फिरवतात, थेंबही जळत नाही. न्यूट्रल केलं की इंजिनाला जिवंत राहायला इंधन द्यावं लागतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये जास्त खर्च होतो आणि वर इंजिनाचा रोधही जातो. चावीच बंद केली तर आणखी वाईट: ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो, पेडल दगडासारखं होतं आणि स्टिअरिंग जड होतं.

पहिल्या सवयीचा धोका ब्रेक फ्लुइडमध्ये दडलेला आहे. हा द्रव हवेतलं पाणी शोषतो. डॉट-४ प्रतीचा नवा द्रव किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलेल्या द्रवासाठी हीच किमान मर्यादा १५५ अंश आहे. सतत दाबलेल्या ब्रेकची डिस्क याहून कितीतरी जास्त तापते. उष्णता पिस्टनमार्गे द्रवात जाते, पाण्याची वाफ होते आणि पेडल दाबल्यावर ती वाफच दाबली जाते. ब्रेक लागतच नाही. पेडल खाली जातं आणि पायाला काहीच लागत नाही, असं या अवस्थेत सापडलेले लोक सांगतात. म्हणून दर दोन वर्षांनी ब्रेक फ्लुइड बदलायचं, गाडी कितीही कमी चालली असली तरी. पाणी किलोमीटर मोजत नाही. आणि घाट ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडवर आणून खालचा गिअर धरा.

टायर हा दुसरा जिवाचा भाग. समृद्धीवर सपाट भागात कारला ताशी १२० किलोमीटरची परवानगी आहे. टायर फुटून तिथे अपघात झाले, म्हणून परिवहन विभागाला नाक्यांवर टायर तपासायची मोहीम घ्यावी लागली. हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दुमडतो, दुमडण्याने तापतो आणि उन्हाळ्यात सलग दोन तास पळाला की त्याचे थर सुटतात. हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या कडेला चिकटवलेलं असतं, पूर्ण भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा असतो. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: ‘३५२१’ म्हणजे २०२१ सालचा ३५वा आठवडा. नक्षी चांगली दिसत असली तरी पाच-सहा वर्षांचा टायर लांबच्या रस्त्याला नेऊ नये. नक्षीच्या खाचेत उंचवटे दिले असतात. नक्षी त्यांच्याबरोबरीला, म्हणजे १.६ मिलिमीटरवर आली की टायर संपला.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतू नका. क्षाराचा थर बसतो आणि ॲल्युमिनियम खराब होतं. कूलंटच घाला. पावसाळ्यात फरशीपुलावर पाणी असताना गाडी बंद पडली तर पुन्हा चावी फिरवू नये. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलून बाहेर काढा आणि टोइंग बोलवा. साध्या विम्यात हे नुकसान बहुधा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन संरक्षणाची जोड घ्यावी लागते.

हे सगळं लक्षात कसं ठेवायचं? दिंडोरीच्या शेतकऱ्याला त्याचं उत्तर आधीच माहीत आहे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाटचे अंश सापडल्याने आपली द्राक्षं युरोपात अडकली, त्यानंतर फवारणीच्या नोंदींचं महत्त्व प्रत्येक निर्यातदार बागायतदाराला कळलं. अपेडाच्या ग्रेपनेटसाठी असो वा मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारख्या शेतकऱ्यांच्या कंपनीला माल देण्यासाठी, कोणत्या तारखेला काय मारलं, किती मारलं, हे वहीत असतं. वहीशिवाय कंटेनर जात नाही. कारलाही तशीच एक वही हवी. तारीख, किलोमीटर, काय बदललं, कोणत्या प्रतीचं, बिल किती. चार ओळी पुरतात. बिलं त्याच वहीत टाचायची. अशी वही असली की मेकॅनिक नको ते काम गळ्यात मारू शकत नाही, वॉरंटीच्या भांडणात तुमची बाजू पक्की राहते आणि गाडी विकताना घेणारा ती वही पाहूनच दोन पैसे जास्त देतो.

जानेवारीपासून माल निघायला लागला की गाडीकडे बघायला कोणाला सवड नसते, हे खरं. पण एप्रिलमध्ये खरड छाटणी उरकल्यावर पावसाआधी थोडी उसंत मिळते. त्यातला एक दिवस गाडीला द्या. टायर, बॅटरी, वायपर, कूलंट, ब्रेक, डिकीची मॅट, सगळं एकदा बघून घ्या. ब्रेक फ्लुइड शेवटचं कधी बदललं हे आठवत नसेल आणि कुठल्या बिलावरही सापडत नसेल, तर ते त्याच दिवशी बदला आणि वहीची पहिली ओळ तीच लिहा.